काकूंनी वरून ओतलेलं पाणी

काकूंनी सुरई वर उचलली. चांगली हातभर. जेवणाआधी हात धुवायला माझी ओंजळ खाली, धार वरून. पाणी सांडू नये म्हणून मी हात जरा वर नेले. तशी सुरईही वर गेली.

शेजारी एक अमेरिकन मुलगा बसला होता. त्याची पाळी आली. काकूंनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, सुरईचं तोंड त्याच्या बोटांना टेकवलं, मग टॉवेलने त्याचे हात पुसून दिले. माझा टॉवेल माझ्या मांडीवर पडला होता. तोही वरूनच.

"व्हेरी ग्रेसफुल," आमचे प्रोफेसर म्हणाले. त्यांना ती खास भारतीय तऱ्हा वाटली. होतीच म्हणा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावी मी प्राचीन इतिहास शिकत होते. रोमन घरातले देव, जेवण, गुलाम, हा माझा विषय. डिसेंबरात आमचं डिपार्टमेंट दुपारच्या जेवणाला सॅटर्नेलिया करायचं. तो रोमन लोकांचा सण. त्यात मालक गुलामांना वाढायचे, आणि सगळे जण सुटका झालेल्या गुलामाची फेल्टची टोपी घालून हिंडायचे. आम्ही चिठ्ठ्या काढायचो. त्या वर्षी मला गुलाम आला, काकूंना मालक. चिठ्ठी बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. वेडी मी.

काकू पुण्याच्या. डिपार्टमेंटच्या ऑफिसात टायपिंग आणि टपाल त्यांच्याकडे. गावात मराठी घर तेवढं एकच. पहिल्याच आठवड्यात "रविवारी जेवायला ये गं" म्हणाल्या आणि मी दोन वर्षं जात राहिले. आमटीभातासाठी, आणि त्याहून जास्त मराठीसाठी. आठवडाभर इंग्रजी बोलून जीभ अवघडून जायची. ते घर सुटू नये म्हणून मी गप्प होते. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून जात कळत नाही. काकूंनी मला आपल्यातलीच धरलं. मी धरू दिलं. खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही.

मग त्या ऑक्टोबरात बाबांचं नागपूरहून कार्ड आलं. पाकीट नाही, उघडं कार्ड. वर बुद्धाचं चित्र, खाली धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा. काकूंनी ते ऑफिसातल्या माझ्या टपालाच्या खणात ठेवलं होतं. चित्र खाली करून.

त्या रविवारी मला कागदी प्लेटमध्ये वाढलं. काका, काकू, त्यांची मुलगी, तिघांना स्टीलची ताटं.

"डिशवॉशर बिघडलाय गं," काकू म्हणाल्या.

"नो, आई, इट्स फाइन," मुलगी म्हणाली. काकूंनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

पुढच्या रविवारी, "तू पाहुणी, तुला कशाला धुवायला लावू." त्याच्या पुढच्या रविवारी काहीच बोलल्या नाहीत. आता कागदी प्लेटवर संशय घ्यायचा तरी कसा? अख्खी अमेरिका कागदी प्लेटमध्ये जेवते. शिवाशिव पाळायला याहून सोयीचा देश नाही, जेवण झालं की पुरावा कचऱ्यात. मी माझ्यावरच चिडायची. तुझंच मन काळं, तुलाच सगळीकडे तेच दिसतं. पण नजर ऐकत नव्हती. मी पाणी प्यायलेला ग्लास कुठे ठेवतात, ते बघायची. मी उठल्यावर सोफ्यावरची चादर काढतात का, ते बघायची. दोन महिने मी त्या घरात चोरासारखी डोळे फिरवत जेवले.

सुरईने मात्र शंका ठेवली नाही. ती धार मला पाठ होती. आमच्या गावच्या शाळेत शिपाई आम्हा चार मुलींना असंच पाणी पाजायचा. इतका समुद्र ओलांडून आले आणि अंतर तेवढंच. हातभर.

डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"सर, हे ग्रेसफुल नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "माझ्या जातीच्या माणसाला आमच्याकडे असंच पाणी देतात. भांडं बाटू नये म्हणून."

बोलले आणि कळलं, रविवार गेला.

काकू मराठीत, अगदी हळू म्हणाल्या, "अगं, आपल्या घरातलं इथे कशाला?"

"कुठलं घर, काकू?"

त्यांचा चेहरा उतरला. "मुद्दाम नाही गं केलं. हात आपोआप गेला."

त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच मला खरं वाटलं. आणि त्याचाच जास्त राग आला.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "फॅसिनेटिंग," ते म्हणाले. "यू मस्ट राइट धिस." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग मला त्यांचाही संशय आला. माझे हात अजून ओले होते आणि त्यांना त्यात शोधनिबंध दिसत होता.

"सर, सण संपल्यावर त्या गुलामांचं काय व्हायचं?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "वेल, एव्हरीथिंग वेंट बॅक."

मी वर्षभर खपून प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं होतं. रोमन मालक गुलामालाही माणूस मानत, हा सण त्याचा पुरावा, असं. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली. सण गुलामासाठी नव्हताच. तो मालकाच्या सोयीचा. चार दिवस वाढायचं आणि वर्षभर चाबूक चालवायला मोकळं.

संक्रांतीला काकूंचा फोन आला.

"झालं गेलं सोड. हळदीकुंकू आहे, तीळगूळ घ्यायला ये. सणाला नाही म्हणू नये."

आवाज गोड होता. मनापासून होता की ऑफिसात चारचौघांत तोंड दाखवायचं म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. जीव मात्र तुटला. महिनाभर मराठी कानावर पडली नव्हती.

"सणाला येणार नाही, काकू," मी म्हणाले. "एखाद्या साध्या मंगळवारी बोलवा. माझी जात माहीत असताना, काही कारण नसताना. त्या दिवशी येईन."

"बघते हं," म्हणाल्या.

बोलावणं आलं नाही. त्या गावात मी आणखी तीन वर्षं काढली, मराठीवाचून. ते प्रकरण फाडलं आणि प्रबंध नव्याने लिहिला, सण उरकल्यानंतरच्या सकाळपासून. आजही कुणी मला एका दिवसाचा मान द्यायला आलं की मी विचारते, उद्याचं काय? उत्तर मिळेपर्यंत मी बसत नाही.