ज्याचं हक्कसोड होत नाही

कुरखेडा तालुक्यात माझ्या आत्याबाईनं ज्याला "रक्त तपासलं काय?" असं विचारलं नाही, तो माणूस अजून जन्माला यायचा आहे. लोक भेटल्यावर "जेवली काय?" म्हणतात, ही थेट रक्तावर येते. वडशाच्या बसमध्ये तिनं तिकिटाआधी कंडक्टरलाच विचारलं. त्या बिचाऱ्याला वाटलं रक्तदानाचं शिबिर आहे, त्यानं आपला रक्तगट सांगून टाकला.

आत्याबाई अंगानं तुराटी, तुरीची वाळकी काडीच. ऐन चाळिशीत छातीत दुखलं, तेव्हा कोलेस्टेरॉल निघालं, आणि तेही बापाकडून आलेलं. शेजारणी फिदीफिदी हसल्या, "येवढीशी बाई, हिले कुठची चरबी?" आत्याबाई ताडकन म्हणाली, "चरबी माही नाई, बापाची हाये. मी निस्ती सांभाळून राह्यली!" बापाच्या धानाच्या वावरातला हिस्सा तिनं हक्कसोडपत्रावर हसत सही करून भावाला, म्हणजे माझ्या बाबांना देऊन टाकला होता. त्यामुळे तिनं डॉक्टरांना अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, याचं हक्कसोड कुठी होते?" डॉक्टर म्हणाले, "रोज एक गोळी, जन्मभर."

तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत ती अंबाडीच्या भाजीचा स्वतःचा डबा घेऊन बसते आणि शेजारणीच्या पत्रावळीतला वडा उचलून नाकाशी धरते. "वास घ्याले डॉक्टरनं मनाई नाई केली," म्हणत परत ठेवते. तो वडा मग कोण खाणार? तिचा डाव तोच असावा, असा मला दाट संशय आहे.

एका माणसापुढे मात्र तिचं काही चाललं नाही. "मले काय धाड भरली? बैलासारखा गडी हावो मी," असं म्हणणारे माझे बाबा धानाच्या रोवणीच्या दिवसांत छातीला हात लावून बांधावरच बसले, ते उठले नाहीत.

त्यानंतर ती माझ्यामागे लागली. सुईला मी लहानपणापासून भिते, म्हणून दोन वर्षं मी तिला थापा मारल्या. शेवटी ती पिशवी घेऊन चंद्रपूरला माझ्या घरीच येऊन बसली. माझी हनुवटी धरून म्हणाली, "डोळ्याजवळचे हे पिवळे ठिपके कवापासून व?"

मी म्हटलं, "ते तर सोन्याचे ठिपके! आजी म्हणायची, आपल्या घरात नशीबवानालेच येतात."

"माह्या बापालेबी होते, तुह्या बापालेबी होते," आत्याबाई म्हणाली. "सोनं नाई व माय, तीच चरबी हाये ते."

तिनं मला हाताला धरून नेलं आणि रक्त द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मी काही बोलायच्या आधीच तिनं माझा चेहरा वाचला. जगभराला प्रश्न विचारणाऱ्या बाईनं रिपोर्टाची घडी घालून ती आपल्या पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "वावर सोडाले एक सही पुरली. तुह्या वाट्याचं हे मीच ठेवून घेतलं असतं, पोरी. पर याची सही कोनी घेतच नाई."

मी तिच्यासाठी मुद्दाम वडे तळले होते, वासापुरते. तिनं एकही नाकाशी धरला नाही.