शरयूताईंनी कीबोर्डला हात लावला नाही

शरयूताई गेल्या त्या सकाळी मी फोनवर कौतुक ऐकत होतो. कॅनडातल्या एका बाईंना आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांच्या वडिलांचा आवाज सापडला होता. "केवढं मोठं काम केलंत तुम्ही," त्या म्हणत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. मी "आभारी आहे" म्हणालो आणि दार उघडलं. दारात शरयूताईंचा भाचा उभा होता...

त्या आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायच्या. गुजराती शाळेत त्यांनी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. मी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेला. बडोद्यात आमच्या मंडळानं केलेल्या जुन्या नाटकांचं ध्वनिमुद्रण माझ्या कॉम्प्युटरवर होतं, पण गाव सोडून गेलेल्यांना ते घरबसल्या कसं ऐकवायचं, ते कळत नव्हतं. "तुमच्या डेस्कटॉपलाच सर्व्हर करू या, तो चालू असेल तोवर कुठूनही ऐकता येईल," शरयूताई म्हणाल्या. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हटल्यावर मला शंका आली. "खोट असणार काहीतरी." "जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय, नाना." "आणि नावसुद्धा लावत नाहीत?" त्या हसल्या. "लावतात की. आत सगळ्यांची नावं असतात. वाचतं कोण?"

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. बाजूच्या स्टुलावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि एकेक अक्षर सांगायचं. मी एका बोटानं ते शोधायचो. ओळ पुरी झाली, की शाळेतल्या सवयीनं गुजरातीत म्हणायच्या, "हवे एंटर," म्हणजे आता एंटर. पडदा चुकांच्या इंग्रजी ओळींनी भरून गेला, की मी वैतागायचो. "तुम्हीच करा ना, बाई!" "नाही हं. मी केलं तर माझं होईल. तुमचं कधी होणार?" एकदाचं सगळं चालू झालं, तर झोपायला जाताना मी नेहमीसारखं भिंतीवरचं बटण बंद केलं. अमेरिकेतले लोक तक्रार करू लागले, तशा ताई वर आल्या. "काय नाना, पाणपोईला कुलूप लावलंत होय?"

पुढे मंडळानं मला शाल दिली. सूत्रसंचालकानं विचारलं, "या वयात हे कोणाकडून शिकलात?" मी म्हणालो, "कोणाकडून कसलं? एकेक अक्षर स्वतः टाइप केलंय." ते खोटं नव्हतं... म्हणूनच इतक्या सहज बोलून गेलो. ताई समोरच बसल्या होत्या. टाळ्या वाजल्या, त्यात त्यांच्याही होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या, "भाषण सरस झालं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी एक टोमणा मारला असता, तर मी सुटलो असतो. पुढच्या कार्यक्रमात सांगू, असं म्हणत मी दोन गणेशोत्सव घालवले. शोकसभेतही मी त्यांच्या मनमिळाऊ स्वभावावर बोललो आणि खाली बसलो.

परवा मंडळाच्या चिटणिसाचा, मिलिंदचा फोन आला. "नाना, नव्या नाटकाचं रेकॉर्डिंग पाठवतोय. चढवून टाका ने."

"मला येत नाही."

"मजाक नका करू. सगळं तुम्हीच तर बसवलंय."

"शरयूताईंनी बसवलं, मिलिंद. त्या सांगतील ती बटणं मी दाबली."

तो म्हणाला, "कोण, आपल्याकडे चहाच्या टेबलावर असायच्या त्या?"

"त्याच."

"पण त्या कधी काही बोलल्या नाहीत."

"बोलायचं मी होतं."

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. कोणीतरी, कुठेतरी, नाटक ऐकत असेल. संकेतस्थळाच्या तळाशी, त्यांनीच माझ्याकडून टाइप करून घेतलेलं माझं एकट्याचं नाव अजून आहे. तिथं त्यांचं नाव घालायचंय... ते कसं घालायचं, हेही मला त्यांनाच विचारावं लागलं असतं.