आबांनी पाहिलेली जपानी कुस्ती

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझे सासरे घरात बसून राहिले. आमच्या निघोजे गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. तरुणपणी ते पैलवान होते, आसपासच्या गावांच्या जत्रा त्यांनी गाजवल्या होत्या. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण वॉकर धरून अंगणात उतरायची त्यांना लाज वाटायची. "लोकं बघत्यात," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझे मिस्टर समजावून थकले. भांडण कुणाचंच नव्हतं, पण आबांचं बोलणं दिवसेंदिवस आटत चाललं होतं.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीला आहे. गाड्यांचे सुटे भाग हातात घेऊन बघायचे, ओरखडा दिसला की बाजूला काढायचे. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीची बस मला दुपारी गावात सोडते. चहा ठेवायचा आणि स्वयंपाकाला लागेपर्यंत टीव्हीसमोर बसायचं, एवढा वेळ माझा. त्या दिवसांत मी एक जुनी जपानी कार्टून मालिका पुन्हा पहिल्यापासून बघत होते. लातूरला शाळेत असताना मी आणि माझा भाऊ ती हिंदीतून बघायचो. एक खेड्यातला पोरगा मारामारीची विद्या शिकायला डोंगरावरच्या गुरूकडे जातो, स्पर्धेत उतरतो, हरतो, परत शिकतो, अशी ती गोष्ट.

"पोराटोरांचं बघतीस व्हय?" आबा पलंगावरून म्हणाले.

"बंद करू का?"

"र्‍हाऊदे. आवाज तेवढा कमी कर."

पुढचे काही दिवस ते भिंतीकडेच तोंड करून ऐकत होते. मग एक भाग असा आला, की गुरू त्या पोराला एकही डाव शिकवत नाही. नुसतं अंगण झाडायला लावतो, पाणी भरायला लावतो. पोरगा चिडतो. आबा कुशीवर वळले.

"आमच्या वस्तादानं मला पयल्यांदा फावडंच दिलं हुतं," ते म्हणाले. "आखाड्याच्या हौद्यातली माती उकरायची, त्यात ताक-तेल घालायचं, मऊ करायची. लंगोट लावायची पाळी लई उशिरा आली. बरोबर हाय त्याचं. लाव पुढचं."

तेव्हापासून मी बसमधून उतरायच्या आत आबा उशी टेकून बसलेले असायचे. हवेत उडणं, हातातून उजेड निघणं त्यांना मुळीच पटायचं नाही. तसं काही आलं की ते बाहेर बघायचे. पण दोघं समोरासमोर उभे राहिले की त्यांची नजर पडद्यावरच्या पायांवर असायची. "काढणार्‍यानं चित्रात पाय बरोबर काढल्यात," हे एकदा त्यांनी मिस्टरांनाही बोलावून दाखवलं.

या मालिकेबद्दल माझ्या भावाची लहानपणी एकच तक्रार असायची, एक लढत आठवडा आठवडा संपत नाही. एक ठोसा मारायच्या आधी माणूस किती विचार करतो! जुनं आठवतो, घाबरतो, घाम पुसतो. मीही आबांना म्हटलं, "कंटाळा येत असेल तर पुढे ढकलते."

"ढकलू नगं," आबा म्हणाले. "भाइरून बघणार्‍याला कुस्ती दोन मिंटाची दिसती. आत उभा र्‍हायलेल्याला ती अशीच लांब लागती. समोरच्याचा हात मानंवर पडला, की काय काय आठवतं तुला काय सांगू!"

मी ही मालिका लहानपणापासून बघत आले होते, पण ती इतकी संथ का आहे ते मला त्या दुपारी कळलं.

मग त्या स्पर्धेची अंतिम लढत आली. आमचा पोरगा हरला. हरल्यावर तो आणि त्याला हरवणारा, दोघं एकाच पायरीवर बसून भात खायला लागले. सुजलेल्या तोंडानं धड चावताही येत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना हसू येत होतं. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चहा तसाच होता.

"आमाला आसं कुणी बसवलं न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कुरुळीचा एक पैलवान होता, आबांच्याच जोडीचा. एका जत्रेत दोघांची कुस्ती लागली, बराच वेळ चालली, आणि निकाल लागायच्या आत दोन्ही गावची माणसं आखाड्यात घुसली. ढकलाढकली झाली, डोकी फुटली. तेव्हापासून ते दोघं बोलले नव्हते. लग्नाकार्यात समोरासमोर आले तरी आबा वाट बदलायचे.

"आता कुठे असतात?" मी विचारलं.

"पुण्यात दापोडीला, लेकाकडं."

"जाऊया का?"

दुसर्‍या दिवशी मी घरी आले तर ते वॉकर धरून अंगणात चालत होते. शेजारचे बघत होते आणि आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. "दापोडीत जिनं असत्यात," ते मला म्हणाले. मग काही आठवडे आधी चालणं आणि मग मालिका, असा क्रम ठरला. पुढे वॉकर जाऊन हातात काठी आली.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. तशा एका गुरुवारी आम्ही रिक्षा करून दापोडीला गेलो. रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत घर, जिना अरुंद. आबा एकेका पायरीवर थांबत चढले. दार एका म्हातार्‍यांनी स्वतःच उघडलं. त्यांनी आबांकडे नुसतं बघितलं, मग त्यांची नजर आबांच्या कुस्तीत मोडलेल्या कानावर गेली. त्यांचाही कान तसाच होता.

"निघोजं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आरं ये की, मायला! उभा काय र्‍हायलास?"

त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणलं. आबा खुर्चीच्या टोकाला बसले होते. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून ते म्हणाले, "त्या जत्रंतल्या कुस्तीचं मनात हुतं. म्हनून आलो."

"कंची कुस्ती?"

"आपली. मारामारी झाली ती."

म्हातार्‍यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. "आरं, मारामारी कुठल्या जत्रंत न्हाई झाली? मला न्हाई बा आठवत."

मला क्षणभर आबांची काळजी वाटली. इतकी वर्षं त्यांनी एकट्यानंच ते जपून ठेवलं होतं. पण आबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे टिपले. समोरचेही हसायला लागले, कशाला हसतोय ते न कळता. मग गुडघ्यांवर बोलणं आलं, डॉक्टरांवर आलं, वारलेल्या वस्तादांवर आलं. जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघताना आबांनी त्यांच्या सूनबाईंना बोलावलं आणि टीव्हीवर कुठलं कार्टून लावायचं ते त्यांना सांगायला मला लावलं.

हल्ली दोघांचे फोन होतात. मोठ्यानं, स्पीकरवर. पडद्यावरच्या कुठल्या गड्यानं कुठला डाव टाकायला हवा होता यावर वाद चालतो. परवा कंपनीतल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "त्या मालिकेचे भाग लई आहेत गं, कुठून सुरू करू?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून. आणि पुढे ढकलू नकोस."