पहिल्याच आग्रहाला

इराणातल्या काशानच्या आमच्या गल्लीत कुणाचं डोकं कुठवर शाबूत आहे हे कळायला दवाखान्याची पायरी चढावी लागत नसे. मोनव्वरखानुम पुरे होत्या. त्या समोरच्यापुढे बशी धरायच्या, तोंडभर हसून "घ्या ना" म्हणायच्या आणि त्याच्या हाताकडे बघत राहायच्या. शहाण्या माणसाचा हात पहिल्या आग्रहाला छातीवर जातो, दुसऱ्याला हवेत नको-नको करतो आणि तिसऱ्याला, केवळ यजमानांचं मन मोडू नये म्हणून, बशीत उतरतो. हात चुकला की मोनव्वरखानुमची भुवई वर.

सैफुल्लाआगांचं त्यांनीच ओळखलं होतं. टॅक्सीवाल्याने रिवाजाप्रमाणे "राहू द्या हो, तुमच्यापुढे पैशांचं काय" म्हटलं, आणि निवृत्त मुख्याध्यापक सैफुल्लाआगा "बरं, आभारी आहे" म्हणून खरोखरच उतरून चालू लागले. मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय. गल्ली पोट धरून हसली. मोनव्वरखानुम तेवढ्या हसल्या नाहीत. "यांच्या मुलाला फोन करा," त्या म्हणाल्या. पुढच्या हिवाळ्यात सैफुल्लाआगा पायात सपाता घालून, केव्हाच सोडलेल्या शाळेची घंटा वाजवायला निघाले, तेव्हा गल्लीने मोनव्वरखानुमना मानलं. त्यांनी स्वतःला त्याआधीच मानलेलं होतं.

त्यांचं दुसरं काम म्हणजे लग्नाच्या बोलणीत मुलीकडून बोलायचं. वरपक्ष "आमचं घर ते तुमचंच" म्हणाला की त्यातल्या किती खोल्या खरोखर तुमच्या, हे चहा निवायच्या आत त्या काढून घेत. आता त्यांच्या सख्ख्या नातीची, गुलनारची, बोलणी शुक्रवारी ठरली होती. दिवाणखान्यातली दाराकडे तोंड असलेली खुर्ची त्यांनी केव्हाच पुसून ठेवली होती. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल हा विचारच घरात कुणी मोठ्याने केलेला नव्हता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते घडलं, तेही समोरच्या इशरतखानुमकडे. इशरतखानुम त्यांची जन्माची मैत्रीण. दोघींना एकमेकींवाचून चहा गोड लागत नाही आणि एकमेकींबद्दल बोलल्यावाचून झोप येत नाही. इशरतखानुमने नखोदचीची बशी पुढे केली. हरभऱ्याच्या पिठाची, वेलची घातलेली, ओठावर ठेवली की विरघळणारी. "घ्या ना."

मोनव्वरखानुमने घेतली. पहिल्याच आग्रहाला. वर आणखी एक घेतली.

इशरतखानुमचा दुसरा आग्रह तोंडातच राहिला, बशी हवेत राहिली. खोलीतल्या बाकीच्या बायकांनी एकदम साखरेचा खडा दातात धरला, म्हणजे बोलायला नको.

इशरतखानुमने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त बहिणीला फोनवर सांगितली, आणि खिडकी उघडी होती.

मोनव्वरखानुमना स्वतःला कळलं ते जिना उतरताना. वेलचीची चव अजून जिभेवर होती आणि 'नको' म्हटल्याची आठवण कुठे सापडेना. भूक लागली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण भूक त्यांना जन्मभर लागत आली होती, हात कधी चुकला नव्हता. त्या पायरीवर टेकल्या. सैफुल्लाआगांच्या सपाता डोळ्यांपुढे आल्या. गल्लीच्या सपातांच्या दुकानात, त्यांना वाटलं, आता आपलं माप घेतलं जाणार.

संध्याकाळी लेक आली, गुलनारची आई माहरुख. "मामान, इशरतखाला म्हणत होती..."

"इशरत काय म्हणते ते तिच्या खिडकीने मला आधीच सांगितलंय."

"डॉक्टरांकडे जाऊ. त्या हो म्हणाल्या तर शुक्रवारी तूच बोल. नाहीतर आत्या बोलेल."

"तुझी आत्या? ती गुलनारबरोबर आपला फ्रिजसुद्धा देऊन येईल."

"म्हणून तर चल म्हणतेय."

डॉक्टर नादरी वयाने लहान, आवाजाने मऊ. त्यांनी आधी पाच शब्द ऐकवले, लक्षात ठेवा म्हणाल्या. मग तारीख विचारली, ती बरोबर आली. घड्याळ काढायला सांगितलं. मोनव्वरखानुमने काट्यांसकट काढलं आणि भोवती गुलाबाची वेलही काढून दिली. मग आलं प्राण्यांचं.

"एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा."

"आधी तुम्ही, डॉक्टर. तुमच्या आधी मी कशी बोलू?"

"मादरजान, वेळ सुरू झालाय."

"मेंढी. शेळी. कबुतर. उंट." पुढचं जनावर जिभेवर येऊन उभं होतं, पण समोर शिकलीसवरलेली बाई बसलेली. तिच्यावर काशानच्या रीतीने शब्दांतूनच गुलाबपाणी शिंपडल्याशिवाय असली नावं कशी घ्यायची? "गुलाबपाणी तुमच्या चेहऱ्यावर, गाढव. तुमच्यापासून दूर असो, कुत्रा. तुमच्या आईवडिलांना उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या लेकीपुढे बोलतेय, क्षमा असावी, उंदीर."

मिनिट संपलं. माहरुखने कपाळावर हात मारला.

डॉक्टरही याच मातीतल्या. त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "समजा मी इथे नाहीच. आता सांगा."

त्या पाठीवर मोनव्वरखानुमने अख्खं रान सोडलं. कोल्हा, तरस, साळिंदर, घोरपड, खेचर, विंचू, आणि शेवटी इशरतखानुमचा चोरटा बोका, नावासकट. माहरुखचा चेहरा उजळला.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आता ते मघाचे पाच शब्द."

"दोरी. टरबूज. खिडकी." मग मोनव्वरखानुम गोड हसल्या. "डॉक्टर, तुम्ही ते इतके सुरेख म्हटलेत, आता माझ्या तोंडून पुन्हा काय ऐकायचे?"

डॉक्टरांनी खुर्ची पुन्हा त्यांच्याकडे वळवली. "मादरजान, बाकीचे आठवत नाहीत का?"

मोनव्वरखानुमने डोक्यावरून पांघरलेल्या चादरीची कड बोटाला गुंडाळली, सोडली. नको-नको म्हणण्यात त्यांची हयात गेली होती. पण हे 'नाही' त्यांना जड गेलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आठवत नाहीत."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. घसरण थोडी आहे, एका भेटीत तिला नाव द्यायचं नाही. रक्त तपासू, थायरॉइड पाहू, कान पाहू. रोज चाला, माणसांत बसा, झोप नीट घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा या. "पण तुम्ही इतक्या लवकर आलात कशा? लोक येतात ते गॅस चालू राहिल्यावर, नाहीतर घरचा रस्ता चुकल्यावर."

माहरुखने नखोदचीची गोष्ट सांगितली. डॉक्टर आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "आमच्या चाचणीत हे नाही."

"घाला मग," मोनव्वरखानुम म्हणाल्या. "नखोदची मी पाठवते."

"आणि शुक्रवारी?" माहरुखने विचारलं.

"बोलू दे त्यांना. फक्त शेजारी सवयीचं माणूस बसवा."

मोनव्वरखानुम घरी न जाता थेट इशरतखानुमच्या दारात उभ्या राहिल्या. "शुक्रवारी माझ्या शेजारी बस."

"मी? अगं, तुमच्या घरची बोलणी, माझी काय योग्यता..."

"इशरत, तुझं नको-नको नंतर कर. तू पाहिलंस, तेव्हा तूच बस. हात चुकला तर सांभाळ."

इशरतखानुमने पदरचे दोन नकार गिळले आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच आग्रहाला हो म्हटलं.

शुक्रवारी नवऱ्यामुलाची आई, शमसीखानुम, मिठाईचा भलाथोरला खोका घेऊन आली. गुलनारने चहा फिरवला. शमसीखानुमने खोका उघडून आधी आजीपुढे धरला. "घ्या ना, मोनव्वरखानुम."

मोनव्वरखानुमचा हात मांडीवरून उठला. छातीकडे जाईना. दारातली माहरुख एक पाऊल पुढे आली.

"घ्या की हो," इशरतखानुमने एका दमात गाडी सोडली, "घ्या, माझी शपथ, इतक्या लांबून आणलंय त्यांनी, मन मोडू नका." आग्रहांची गिनती हात पोचायच्या आत पुरी झाली आणि हात मिठाईवर अगदी वेळेवर उतरला.

"मी चहाचा पेला घेत होते," मोनव्वरखानुम तिच्या कानात म्हणाल्या.

"घे हं. आधी तोंडातलं संपव."

मग बोलणी सुरू झाली. शमसीखानुम हात पसरून म्हणाली, "आमचं घर म्हणजे गुलनारचंच घर."

"वरचा मजला की खालचा?" मोनव्वरखानुमने विचारलं.

शमसीखानुमने साखरेचा खडा दातात धरला. वरचा ठरला, गच्चीसकट.

तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळेच आग्रह एका दमात होऊ लागले. मोनव्वरखानुम आल्या की बशी पुढे आणि "घ्या-घ्या ना-घ्याच" एका श्वासात. परगावचा पाहुणा बिचकतो, त्याला वाटतं या लोकांची गाडी सुटतेय. भाजीवालाही आता "राहू द्या हो" आणि "एवढे झाले" एकाला एक जोडून म्हणतो. मोनव्वरखानुमना हे कळत नाही असं नाही. "मोजायला विसरत असेन," त्या म्हणाल्या, "बहिरी नाही झाले." पण घेतात.

सहा महिन्यांनी त्या डॉक्टरांकडे गेल्या. शब्द पुन्हा तीनच आले, चौथा दारापर्यंत येऊन परतला. "म्हणजे आणखी कमी झालेले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या आणि खणातून एक बशी काढली. मोनव्वरखानुमनेच पाठवलेली नखोदची.

"घ्या ना."

हात सरळ छातीवर गेला. "नको, तुमच्या हातांना उगाच त्रास."

माहरुखने डोळे पुसले. डॉक्टर खूश झाल्या, काहीतरी लिहिलं आणि बशी उचलून खणात ठेवून दिली.

मोनव्वरखानुम वाट बघत राहिल्या. दुसरा आग्रह काही आला नाही.

जिन्यात त्यांनी लेकीचा दंड धरला. "पोर हुशार आहे गं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण तिच्या घरच्यांना फोन कर. एवढ्या लहान वयात."