मालगुजार दिगंबररावांचं घड्याळ

विषय काढलाच आहे तुम्ही, आणि चहाही ओतलेला आहे, तर सांगूनच टाकतो. नाहीतर हा किस्सा मी आठ महिने पोटात दडवून ठेवला होता. आमच्या मंदानं तो अर्ध्या ब्रह्मपुरीला सांगितला, ही गोष्ट वेगळी. तिच्या तोंडून ऐकला असेल तर विसरून जा. ती त्यात मला फारच मूर्ख दाखवते. मी एवढा मूर्ख नव्हतो हो! म्हणजे होतो, पण एकदम नाही, हळूहळू झालो.

मी गणिताचा मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मोबाईलवर एकदा जुन्या मनगटी घड्याळांचा व्हिडिओ पाहिला आणि नाद लागला. घड्याळ कसं ओळखावं, त्याचं साल कसं काढावं, डायल खरा की रंगवलेला. असे शंभरेक व्हिडिओ पाहिले की माणसाला काय वाटतं? की आपल्याला कळतं! मी डोळ्याला लावायचं भिंग मागवलं. घड्याळं यायची होती, तोवर त्या भिंगातून तांदळातले खडे निवडले.

आणि एका रविवारी बाजारात ते दिसलं. जुनी कुलपं, पानाचे डबे, बिघडलेले रेडिओ मांडून बसलेला एक माणूस असतो, त्याच्या फडक्यावर. चावीचं घड्याळ, पांढरा डायल, चालू! उलटं केलं तर मागच्या झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं :

‘मालगुजार दिगंबरराव यांस कलेक्टर साहेबाकडून सप्रेम भेट. चांदा, १९२१.’

अहो, मी ते तीनदा वाचलं! चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर, आणि मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. शंभर वर्षांपूर्वीचं घड्याळ, गोऱ्या कलेक्टरच्या हातून आलेलं, आणि ते आज कुलपांच्या ढिगात पडलंय! घासाघीस न करता मी ते उचललं आणि तडक बसस्टँडजवळ देवाजीभाऊकडे गेलो. देवाजीभाऊ आमचे घड्याळजी. चाळीस वर्षं झाली त्या माणसाला घड्याळांची पोटं उघडून बसल्याला.

त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, बाहेरून पाहिलं.

“सर, घडी मस्त हाय. पण एकवीस सालची नाई.”

“कशावरून?”

“हा मधातला सेकंद काटा पाहा. त्या जमान्यात सेकंद काटा खाली राहे, सहाच्या वर, लहानशा गोलात.”

“साहेबानं खास बनवून घेतलं असेल.”

“डायल नंतर रंगोलेला हाय जी.”

“जपलं असेल हो त्यांनी!”

“अन् ढाकन स्टेनलेस स्टीलचं हाय. आतून तसा ठप्पाच मारला हाय, हे पाहा. सत्तर-पंच्याहत्तरच्या इकडची घडी हाय हे.”

“विलायतेत सगळं आधी येतं, देवाजीभाऊ.”

देवाजीभाऊंनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं. “बरं. अन् गोऱ्या साहेबानं मराठीत काऊन लिवलं?”

पण मास्तर आहे ना मी! “प्रजेवर जीव होता त्याचा,” मी म्हणालो.

“होय जी,” म्हणून त्यांनी झाकण बसवून दिलं. चाळीस वर्षांचा अनुभव एकीकडे आणि मोबाईल दुसरीकडे. मी मोबाईलचं ऐकलं.

घरी मंदाला दाखवलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, उठली आणि माळ्यावरून पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, काढून आणला. आमच्या लग्नातला, तिच्या मामानं आहेरात दिलेला. आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे. छिन्नी-हातोडी घेऊन बाजारात एक माणूस बसायचा, टिकटिक टिकटिक करत टिंबांनी नाव ठोकून द्यायचा.

“हे पाहा,” मंदा म्हणाली, “गुंडावरचा ‘र’ अन् घडीवरचा ‘र’. दोघाईची शेपटी सारखीच हाय.”

“कुठं कलेक्टर अन् कुठं तुझ्या मामाचा गुंड! काहीतरीच बोलतेस.”

तिनं गुंड परत माळ्यावर ठेवला. बायकोचंही ऐकलं नाही, ही नोंद करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी शाळेत घड्याळ हातात घालून गेलो आणि काढून सगळ्यांना मागचं वाचायला दिलं. कोणीतरी विचारलं, “सर, हे दिगंबरराव कोण?” मला काय ठाऊक? पण मास्तराला ‘माहीत नाही’ हे शब्द उच्चारता येतात का कधी? मी म्हणालो, दुष्काळात त्यांनी रयतेसाठी तलाव खोदला, म्हणून कलेक्टरनं खूश होऊन हे दिलं. आपल्याकडे मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, सगळ्यांना पटलं. पुढच्या आठवड्यात त्या तलावाचं पाणी पंधरा गावांना पुरायला लागलं. महिनाभरात दिगंबररावांना पांढरा घोडाही मिळाला. मला तर तो माणूस आवडायलाच लागला होता.

इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण आता ऐका.

आमची एकुलती एक मुलगी रुपाली. तिचं आणि नितेशचं कॉलेजपासून एकमेकांवर मन. मुलगा गुणी, गडचिरोलीला नोकरीवर, घर पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यात. धानाची शेती. दोन वर्षं लागली दोघांना दोन्ही घरं राजी करायला. सगळे राजी झाले, फक्त नितेशच्या आजोबांचा, सोनबाजींचा शब्द राहिला होता. त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही. त्यांनी निरोप धाडला, “पोरीचं घर पाहतो, माणसं पाहतो, मंग सांगतो.”

त्या दिवशी सकाळी रुपाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, आज घडीचं काई काढू नका. हात जोडते तुमाले.”

“एक शब्द बोलणार नाही,” मी म्हणालो.

आणि घड्याळ हातात घातलं. बोलणार नाही म्हणालो होतो, घालणार नाही असं कुठं म्हणालो होतो? शर्टाची बाहीसुद्धा दोन घड्या वर केली. उकडत होतं म्हणून!

दुपारी जीपमधून मंडळी आली. नितेश, त्याचे आईवडील, काका आणि सोनबाजी. पांढरं धोतर, काटक अंग, ऐंशीच्या पुढचं वय. एका शब्दानं बोलेनात. पोहे खात बसले आणि घरभर नजर फिरवत बसले. मी पोह्यांची बशी पुढे केली, पाण्याचा तांब्या पुढे केला, सुपारीचा डबा पुढे केला. प्रत्येक वेळी डावा हात. शेवटी नितेशचे काका म्हणाले, “घडी जुनी दिसते, सर.”

आता त्यांनीच विचारलं ना! मी विषय काढला का?

“शंभराच्या वर वय आहे तिचं,” मी म्हणालो. पाहुण्यांसमोर मी आणखीच पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतो. मी ते काढून दिलं, काकांनी मागचं कोरलेलं मोठ्यानं वाचलं. “अरे बापरे! मालगुजार दिगंबरराव! तुमचे कोण जी हे?”

खरं सांगायला किती वेळ लागला असता? ‘कोणी नाही, बाजारातून आणलं.’ संपलं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते हो. आणि आपण मुलीकडचे, जरा वजन पडलं तर काय बिघडतं, असं मनात आलं.

“आमचे पणजोबाच म्हणा ना,” मी म्हणालो.

म्हणा ना! आतल्या दाराशी रुपाली उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. मंदाच्या हातातली कपबशी वाजली. मी मात्र सुटलोच होतो. दुष्काळ झाला, तलाव झाला, पंधरा गावं झाली, घोडा झाला. काका ‘वा वा’ करत होते.

“पाहू जी,” सोनबाजी पहिल्यांदाच बोलले.

घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“दिगंबररावाचे पणतू तुमी?”

“हो.”

“सख्खे?”

“हो... सख्खेच.”

त्यांनी घड्याळ हळूच मांडीवर ठेवलं. “मंग हे लग्न होत नाई.”

नितेश ताडकन उभा राहिला. रुपालीकडे पाहायची माझी हिंमत होईना, पण पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षं पोरीनं वाट पाहिली होती आणि मी काय करून बसलो होतो?

“काऊन आबा? काय झालं?” काकांनी विचारलं.

“काऊन म्हंजे? दिगंबरराव तं मी हावो!”

सोनबाजी अगदी शांतपणे सांगायला लागले. “आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरे, जत्रेसारखी. मंडईले नाटक होये. बारा वर्सं मालगुजार दिगंबरराव मीच झालो. दुसऱ्या अंकात कलेक्टर मले घडी देये. पयल्या वर्सी पुठ्ठ्याची घडी देल्ली तं लोकं हासले. मंग गावानं खरी घडी घेतली. गुंडावर नाव टाकणाऱ्याकडून मागं हे लिवून आणलं. मीच गेल्तो सायकलीनं. ते एकवीस साल बी नाटकातलंच हाय. पुढं मंडळ मोडलं, सामानाची पेटी कोणी कुठी इकली, घडी गेली.”

मग माझ्याकडे वळले. “अन् तलावासाठी नाई देल्ली जी. साहेबाले वाघापासून वाचोलं म्हणून देल्ली. घोडा बी नोता. स्टेजवर घोडा कुठून आणाचा?”

काकांनी तोंडावर रुमाल धरला. पण सोनबाजींचा चेहरा दगडासारखा.

“आता हिशेब असा हाय, मास्तर. दिगंबरराव मी. तुमी माये सख्खे पणतू. म्हंजे पोरगी आमच्याच घरची झाली. भावकीत लग्न लावाचं का? लोकं काय म्हणतीन?”

ते गंमत करत होते की खरंच रागावले होते, हे मला कळेना. मुरलेला नट होता तो माणूस, कळणार कसं? मला एवढंच दिसत होतं की माझ्या तोंडानं पोरीचं जुळलेलं मोडतंय. माझी शुद्ध भाषा जागच्या जागी गळून पडली.

“बाबाजी, मी खोटं बोल्लो जी! घडी रविवारच्या बाजारातली हाय. दिगंबरराव माये कोणी नाई. माया पणजोबा दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं धानाचा रोवणा करे. त्याच्यापाशी घडी नोती, ऊन पाहून घरी ये. चुकलो मी. पोरीचा काई दोष नाई, ते सकाळपासून मले सांगून राह्यली होती, तोंड बंद ठेवा म्हणून!”

एवढं एका दमात बोललो आणि घाम पुसत बसलो.

“आता कसं!” सोनबाजींनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. मंदा पाणी घेऊन धावली. काकांचा रुमाल पडला, नितेश मटकन खाली बसला, रुपाली दाराला टेकून हसत होती आणि रडतही होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला हो! एवढं हलकं मला स्वतःची दहावीची परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

“घरून निंगतानी एकच भेव होतं मले,” सोनबाजी पाणी पिऊन म्हणाले. “शहरातला मास्तर, गोड बोलन अन् फसवन. पण तुमाले तं खोटं बोलताच येत नाई, बाप्पा! ‘पणजोबा’ म्हणलं अन् दोनी कान लालबुंद! अशा घरची पोरगी डोळे मिटून घेतो मी. पसंत हाय.”

मी घड्याळ उचलून त्यांच्या मनगटावर बांधलं. ते त्यांनी कानाशी नेलं. “हे घडी देणारा कलेक्टर, आमचा सदाशिव, आता नाई राह्यला,” एवढंच म्हणाले आणि बाही खाली ओढून घेतली. ते घड्याळ एकवीस सालचं नाही, याचं मला त्या क्षणी काडीचंही वाईट वाटलं नाही.

मे महिन्यात लग्न झालं. पोरगी सुखात आहे, आणि मीही. देवाजीभाऊंना सगळं सांगितलं, तर ते “होय जी” एवढंच म्हणाले.

पण संपलं नाही अजून! मागच्या आठवड्यात जावईबापूंचा फोन आला. यंदाच्या मंडईत गाव ते जुनं नाटक पुन्हा उभं करतंय, आणि सोनबाजींनी मला भूमिका राखून ठेवली आहे. मी हुरळलो. दिगंबरराव तर मिळणार नाही, पण कलेक्टर? निदान दिवाणजी? फोन सोनबाजींच्या हातात गेला.

“तुमी वाघ व्हा,” ते म्हणाले. “बोलाचं काई नाई, गुरगुराचं. तोंडावर मुखवटा राहीन, म्हंजे कान बी दिसाचे नाई.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात डरकाळीचा सराव करतोय. जंगलाचा मुलूख आहे आपला, वाघाच्या नावानं गुरं बुजतात. परवा अगदी बेंबीच्या देठापासून डरकाळी फोडली, तर शेजाऱ्याच्या शेळीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चरायला लागली.