काहिलीच्या नावावर गोदीत

दुसऱ्या महायुद्धात आमची पलटण इटलीतल्या ज्या जुन्या बंदरात उतरली, तिथे जहाजं बांधायची दगडी गोदी होती. तिच्या कमानींखाली आता पलटणीच्या लाकडी होड्या दुरुस्त व्हायच्या. आम्हाला रांगेत उभं करून साहेबाने विचारलं, होड्यांचं काम कुणाला येतं? बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी डोंगरावर, लढाईत जायचं होतं. माझा हात आपसूक वर गेला.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. आम्हाला ठाऊक असलेली होडी म्हणजे गुळासाठी उसाचा रस कढवायची काहील. पूर आला की गुऱ्हाळातली ती लोखंडी कढई नदीत सोडायची आणि पलीकडे जायचं. तीही मी कधी वल्हवली नव्हती. मी आपला कड घट्ट धरून देवाचं नाव घेणारा. वल्हवायचा माझा शेजारी, आणि तो रांगेत माझ्याच बाजूला उभा होता. तूही हात वर कर म्हणून मी त्याला कोपराने ढोसलं.

"काहिलीला कोन होडी म्हनतं रं?" तो हसून म्हणाला. खरं बोलायची त्याला लहानपणापासूनच खोड होती. त्याने हात वर केला नाही.

गोदीतल्या म्हाताऱ्या सुताराने खुणेनं विचारलं, तुमच्याकडे होड्या कशा असतात? मी खडूने फळीवर एक गोल काढला. पुढची बाजू कुठली? मी जरा विचार करून चारही बाजूंना बोट दाखवलं. पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधणाऱ्या घरातला तो माणूस बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला. साहेबाला एक शब्द बोलला असता तर माझीही रवानगी डोंगरावर झाली असती. पण त्याने माझ्या हातात तागाचा पुंजका दिला. फळ्यांच्या फटी बुजवायला पीळ हवा होता, आणि दोर वळणं शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली. साहेबाच्या वहीत मी जहाजांचा कारागीर झालो.

शेजारी डोंगरावरून परतला नाही.

लढाई संपल्यावर मी गावी आलो, तर गावाने माझं नाव जहाजवाला ठेवलं. मीही नको म्हटलं नाही. त्या वर्षी पूर आला तेव्हा काहील शेजाऱ्याचे वडील वल्हवत होते. मी पूर्वीसारखाच कड धरून बसलो.

"जहाजं बांधलीस म्हनं तिकडं," नदीच्या मध्यावर ते म्हणाले. "आमच्या पोराला तर काहील लई झ्याक यायची. त्याला न्हाय घेतलं व्हय?"

खरं बोलला म्हणून गेला, हे बापाला कसं सांगायचं?

"तितं काहील कुनी इचारलीच न्हाय, आप्पा," मी म्हणालो.

ते वल्हवत राहिले. लाजेने माझी मान वर होईना.