उसवलेली ओढणी

आज पेटी उघडली आन् सुक्या कडूनिंबाचा वास नाकात शिरला. त्या वासासंग पोरीची ती पहिली छोटी फिल्लम आठवली. कईक वर्सं झाली त्याले. पोरगी तवा डिझाइन शिकत होती.

सुट्टीत ती पुसदच्या बसनं तांड्यावर आलती. लॅपटॉप माह्या मांडीवर ठेवून म्हणाली, "पाहा बा." कोऱ्या लाल कपड्यावर पिवळा धागा आपोआप चालाले लागला. ना हात, ना सुई. टाक्यामागे टाका पडत गेला, आरसे येऊन बसले, आन् पाहता पाहता माह्या बायकोची लग्नातली ओढणी झाली. कुवारपणी तिनं सोताच भरलेली. मी टाळ्या वाजवल्या. बायको चुलीपाशी हासत होती.

"धागा कसा चालवला वं?" मी इचारलं.

"उसवला, बा. एकेक टाका काढत गेली, फोटो घेत गेली. मंग समदे फोटो उलटे चालवले."

"खरी ओढणी उसवली?"

"याडीनंच देल्ली."

मी तिच्या याडीकडे, माह्या बायकोकडे पाह्यलं. "मले काहून नाही इचारलं?"

"तुमी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली आन् तव्यावरची भाकर उलथवली.

यंदा बायको गेली. तीच ओढणी मले तिच्या अंगावर टाकाची होती. बजारातली टाकली. पोरगी म्हणते, "फिल्लम पाहत जा, बा. त्यात हाय न ओढणी."

पेटीत नुसता लाल कपडा हाय, सुईच्या भोकांचा. मी नाहीच म्हटलं असतं, हे खरं. पण मायलेकीनं इचाराले पाहिजे होतं.